ताईची झीज

१

"गुडघे पाहिलेत का तिचे? माप अगदी बरोबर बसेल."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी न्हाणीघरात केस पुसत होते, आणि त्या घरात न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत म्हणजे नुसत्या फळ्या. सुतारांचं घर, विटांवर विश्वास कमी.

"हळू बोल," सासरे म्हणाले. "ऐकेल ती."

"ऐकू दे. गुडघ्यांबद्दलच बोलतेय, काही वाईट बोलत नाहीये."

लग्नाला आठवडाही झाला नव्हता. नव्या नवरीबद्दल भिंतीपलीकडे बोललं जातं हे मला ठाऊक होतं, आणि मनाची तयारीही होती. रंग, उंची, हाताची चव, आईने काय शिकवलं आणि काय शिकवायचं राहिलं. पण गुडघे? मी टॉवेल खुंटीला लावला आणि वाकून स्वतःचे गुडघे पाहिले. आदल्या दिवशी फरशी पुसताना कपडे वर खोचले होते, तेव्हाच सासूबाईंना दिसले असणार. तसे दोन साधेच गुडघे. डाव्यावर सायकलवरून पडल्याची जुनी खूण. त्यांचं कधी कौतुक होईल असं मला वाटलं नव्हतं, बहुधा त्यांनाही नसेल.

मी बाहेर आले तेव्हा दोघं गुपचूप चहा पीत होते. मी काही विचारलं नाही. माझी आई म्हणते, ही पोरगी तोंड उघडते ती फक्त जांभई द्यायला.

२

माझ्या माहेरचं चर्च म्हणजे सिमेंटचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पंखे, त्यांतला एखादाच फिरणारा. त्यामुळे सासरचं चर्च पहिल्यांदा नीट पाहिलं ते कामाला गेले तेव्हा. लग्नाच्या दिवशी मी फक्त माझ्या पायांकडे आणि नवऱ्याच्या बुटांकडे पाहत होते.

दार इतकं बुटकं की उंच माणसाला आपोआप मान झुकवावी लागते. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस पाय पसरून झोपू शकेल. आत मेणाचा, चुन्याचा आणि थंड दगडाचा वास. एका खांबाला प्रवचनाचा लाकडी मंच पक्ष्याच्या घरट्यासारखा चिकटवलेला, त्याच्यावर कोरीव छत्री. कबुलीजबाबाचं उभं कपाट, त्याच्या जाळीची नक्षी इतक्या लोकांच्या श्वासाने गुळगुळीत झालेली. वेदीमागे सोनेरी मुलाम्याचे पिळदार खांब, त्यांवर द्राक्षांचे वेल आणि नाक तुटलेला एक देवदूत. छताचं काम चालू होतं म्हणून संतांच्या मूर्ती जुन्या चादरींत गुंडाळल्या होत्या. घर बदलताना थोरामोठ्यांना एका कोपऱ्यात बसवून ठेवतात ना, तशा त्या उभ्या होत्या. वेदीपाशी लाल काचेतला दिवा तेवढा नेहमीसारखा जळत होता.

या चर्चचं लाकूडकाम पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच घराकडे. सासऱ्यांना गाव मोठे मिस्त्री म्हणतं, माझ्या नवऱ्याला छोटे मिस्त्री. सांधे सासऱ्यांचे, कोरीवकाम नवऱ्याचं, मेण सासूबाईंचं. आता मेणात माझी भर पडली होती.

"कापडाने नाही लावायचं," नवऱ्याने दाखवलं. "कापडाने वरच राहतं. तळहाताने चोळ. आणि एक लक्षात ठेव, आमच्याकडे माणसाने केलेली झीज भरत नाहीत."

"म्हणजे?"

त्याने मला बाकांखालच्या फळ्या दाखवल्या, गुडघे टेकायच्या. प्रत्येक फळीवर जोडीजोडीने खळगे होते. पिढ्या तिथे टेकल्या होत्या. फळी किडली, कुजली तर बाकीचे सुतार सरळ रंधा मारलेली नवी ठोकतात. आमचे मिस्त्री आधी जुन्या खळग्यांचे पुठ्ठ्याचे साचे काढतात, मग तसेच्या तसे खळगे नव्या फळीत कोरतात. माणसं त्याच जागी टेकतात, आणि फळी बदलल्याचं गुडघ्यांना कळत नाही.

"म्हणजे तुम्ही नवीन वस्तू जुनी करून देता," मी म्हणाले.

"आणि लोक वर आभार मानतात," तो हसला.

आमच्या घराचा बाक खांबाजवळ. त्याची फळी वाळवीने खाल्ली होती, नवी नवऱ्यानेच गेल्या वर्षी कोरलेली. मधल्या वाटेकडून सुरुवात केली तर पहिले खळगे सासऱ्यांचे, रुंद आणि उथळ. मग सासूबाईंचे. मग आणखी एक जोडी. मग त्याचे स्वतःचे. आणि भिंतीकडच्या टोकाला सपाट, कोरं लाकूड.

"ही तुझी जागा," तो म्हणाला. "हवी तशी झिजव."

लग्नानंतर त्याने मला बऱ्याच गोड गोष्टी सांगितल्या, पण याच्याइतकी गोड एकही नाही.

"आणि ही मधली कुणाची?"

"ताईची." तो शिडीकडे वळला होता. "माझी मोठी बहीण. लहानपणीच गेली. तिची झीज जुन्या फळीवर होती, म्हणून नवीवरही कोरली. वगळायची कशी?"

तो शिडी चढून गेला. मी तळहातावर मेण घेतलं आणि सासऱ्यांपासून सुरुवात केली. ताईच्या खळग्यांपाशी आले तेव्हा माझा हात थांबला. लहान मुलीचे खळगे असे नसतात. माझा अख्खा तळहात आत बसत होता.

३

लाकूड फुगतं, आटतं, वाकतं. हे मला सुतारीण झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. चर्च दमट, फळी नवी, छताचं काम चालू. मी स्वतःला हे सगळं नीट समजावून सांगितलं आणि मला ते पटलंही. तरी दुपारी सगळे जेवायला बसायच्या आधी मी कारखान्यात गेले.

कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. भिंतीवर पटाश्या ओळीने, खाली भुशाचा ढीग, आणि खिळ्याला लटकवलेले पुठ्ठ्याचे साचे. आमच्या बाकाची जुडी शोधायला वेळ लागला नाही. चार साचे. त्यांतला एक इवलासा, आत सरकवला तर इतरांमध्ये हरवून जाईल असा.

मी तो घेऊन परत चर्चमध्ये गेले आणि ताईच्या खळग्यात ठेवला. मोठ्या ताटात लहान वाटी ठेवावी तसा तो आत हलत राहिला. चारही बाजूंना जागा उरली.

"लाकूड आहे ते."

मी दचकले. सासरे मागे उभे होते, कानावर पेन्सिल. त्यांनी वाकून साचा उचलला, त्याच्यावरची धूळ अंगठ्याने पुसली.

"लाकडाशी आम्ही वाद घालत नाही," ते म्हणाले. आवाज मायेचाच होता. "चल, जेवून घे. तुझी सासू वाट बघतेय."

जेवताना सासूबाईंनी मला दोनदा जास्तीचं वाढलं. त्यांची माया अशीच होती, न विचारता पानात पडणारी. संध्याकाळी त्यांनी कोमट तेल आणलं आणि म्हणाल्या, "गुडघ्यांना लाव. मेणाच्या कामाने दुखतात." मी तेलाकडे पाहिलं, माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, या घरात माझं काय व्हायचं ते होवो, गुडघ्यांची मात्र चंगळ आहे.

त्यानंतर मी रोज सकाळी आधी आमच्या बाकापाशी जायला लागले. छतावरून दिवसभर चुन्याची पूड गळायची. बाकांवर, फळ्यांवर, गुंडाळलेल्या संतांच्या डोक्यांवर पांढरा थर बसायचा. आमच्या फळीवरही बसायचा, सासऱ्यांच्या खळग्यांत, सासूबाईंच्या, नवऱ्याच्या. ताईच्या दोन खळग्यांत मात्र नाही. तिथे लाकूड स्वच्छ, तपकिरी. आणि मी चोळलेलं मेण तेवढ्याच जागी उडालेलं, कुणी रात्रभर टेकून बसल्यासारखं.

वारा असेल, मी म्हटलं. खांबामुळे झोत वळत असेल. खांबाजवळ मी ओलं बोट धरून पाहिलं. वारा नव्हता.

४

रविवारच्या मिस्सेला मी भिंतीकडे बसले. माझ्या शेजारी नवरा, मग ती रिकामी जागा, मग सासूबाई, मग सासरे. जागा रिकामी म्हणजे खरंच रिकामी. मागे लोक उभे होते, शिड्यांनी अर्धं चर्च अडवलं होतं, तरी तिथे कुणी सरकलं नाही. फादरसुद्धा वेदीकडे जाताना त्या जागेकडे पाहून किंचित मान लववून गेले. फादर तसे थट्टेखोर. मला म्हणाले होते, "तुझ्या सासऱ्यांनी बाक इतके आरामशीर ठेवलेत की माझ्या प्रवचनात निम्मा गाव झोपतो. दोष मला लागतो." पण त्या दिवशी त्या बाकापाशी त्यांचा चेहरा थट्टेखोर नव्हता.

घंटी वाजली आणि सगळे गुडघ्यांवर आले. सगळ्यांनी मान खाली घातली. मी घातली नाही, सवय लागलेली होती बघायची. नवऱ्याने आपला उजवा कोपर अंगाशी घट्ट ओढून घेतला होता, शेजारच्याला लागू नये म्हणून माणूस घेतो तसा. त्याच्या पलीकडे सासूबाईंचा डावा हात होता.

तो हात हवेत होता. बाकाच्या पाठीवर नाही, कठड्यावर नाही. खांद्याच्या उंचीला, बोटं थोडी वाकलेली, अंगठा मागे. खांद्यावर ठेवलेला हात जसा असतो तसा. लहान मुलीच्या खांद्यावर नाही. माझ्याएवढ्या बाईच्या.

मी नजर खाली घेतली आणि फक्त ऐकत राहिले. जुन्या लाकडाचा एक गुण आहे. माणूस टेकला की ते कण्हतं, उठला की सुटकेचा आवाज करतं. प्रार्थना संपली. सगळे उठले. आमच्या फळीने टोकाकडून आवाज केला, तो सासऱ्यांचा. मग सासूबाईंचा. मग नवऱ्याचा, मग माझा. मधून एकही आवाज आला नाही.

तेवढा भाग उठलाच नव्हता.

"आईंचा हात," घरी जाताना मी नवऱ्याला हळूच म्हणाले. "त्या असा का धरतात?"

"कुठला हात?"

मी करून दाखवलं.

"अगं, आईचा हात तसाच असतो," तो म्हणाला. खरंच नवल वाटलं होतं त्याला, मी विचारलं याचं.

५

पुढच्या आठवड्यात एका दुपारी सासूबाई आणि मी दोघीच चर्चमध्ये होतो. मिस्त्री लोक सळया की काय आणायला गेले होते. रंगीत काचांतून आलेलं ऊन फरशीवर लाल-निळं सांडलं होतं. आम्ही आमच्या बाकावर मेण लावत होतो, त्या त्यांच्या टोकाकडून, मी माझ्या. मधल्या खळग्यांपाशी आमचे हात एकदमच पोचले.

"तुझ्या लक्षात आलंय," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

"मला वाटलंच. न बोलणाऱ्यांच्या लक्षात फार येतं." त्या हसल्या आणि फळीवर हात फिरवला, पोराचं डोकं थोपटावं तसा. "फळी घातली तेव्हा एवढुशी होती. मग वाढत गेली. आधी मला वाटलं आपल्याला भास होतोय. पण हात खोटं बोलत नाही गं. मी रोज मेण लावते. पोरगी वाढतेय."

मला काहीतरी शहाणपणाचं बोलायचं होतं, दमटपणाबद्दल.

"त्या दिवशी तू फरशी पुसत होतीस, तेव्हा तुझे गुडघे पाहिले," त्या म्हणाल्या. "अगदी तेवढेच. तू मला वेडी म्हणशील. पण एकदा इथे बसशील? मला फक्त बघायचंय ती केवढी झाली. आईला कळायला नको का, आपली मुलगी केवढी झाली ते?"

यावर कोण नाही म्हणेल? मी गुडघे टेकले.

माप बरोबर बसलं. इतकं बरोबर की माझ्या डाव्या गुडघ्याच्या जुन्या खुणेलासुद्धा लाकूड टोचलं नाही. आणि ते गार नव्हतं. आत्ताच कुणी उठून गेलेल्या खुर्चीसारखंही नव्हतं. कुणी उठलेलं नसताना त्याच्याच जागेत आपण बसावं, तसं होतं ते.

सासूबाई दोन पावलं मागे गेल्या आणि डोळे भरून पाहू लागल्या. माझ्या केसांकडे, खांद्यांकडे, पाठीकडे. माझ्याकडे नाही.

"एवढी!" त्या पुटपुटल्या. "उभी राहिली तर माझ्या कानाला लागेल."

"ताई कशा होत्या?" मी विचारलं. पुढे बघूनच, कारण बाजूला बघायचा धीर नव्हता.

"चुळबुळी! एक मिनिट स्थिर नाही. गुडघे टेकले की लगेच उठायची, आजूबाजूला बघायची, संतांच्या मूर्तींना वाकुल्या दाखवायची. मग आमचं ठरलेलं. मी खांद्यावर हात ठेवला की बसायचं, हात काढला की उठायचं. तेवढं मात्र ऐकायची. खेळच झाला होता तिचा." त्यांचा आवाज खाली गेला. "त्या रविवारी अंगात ताप होता. मला वाटलं नेहमीची नाटकं. आई, उठू? आई, उठू? मी हात दाबून ठेवला. मग गप्प झाली. मी म्हटलं, बघा, बसली शहाण्यासारखी. माझा हात खांद्यावरच होता आणि ती हाताखालून अशी कलंडली."

त्यांनी डोळे पुसले आणि त्यांचा चेहरा उजळला, ते मला जास्त लागलं.

"पण आता नाही जाणार ती कुठे. मोठी झाली, आता माझ्याबरोबर म्हातारीही होईल. इथेच, माझ्या शेजारी."

तेव्हा मला ते जाणवलं. फळी थरथरत होती. अगदी बारीक. मी श्वास रोखला, पाय ताठ केले. माझे पाय स्थिर होते. फार वेळ गुडघ्यांवर राहिलेल्या माणसाच्या मांड्यांत जी थरथर सुटते, थांबवू म्हटलं तरी थांबत नाही, ती लाकडातून माझ्या हाडांत येत होती. आणि माझ्या डाव्या खांद्यावर काहीतरी टेकलं. धरलं नाही, दाबलं नाही. थकलेलं माणूस शेजारच्यावर जरासं कलतं, तेवढंच. डोक्याएवढं वजन.

मी किंचाळले नाही. मला भीती वाटली, पण पळावंसंही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की ही पोर दमली आहे, आणि हे या घरात कुणालाच ठाऊक नाही.

६

मी ते लगेच सांगितलं नाही. धीर नव्हता असं म्हटलं तर सोपं जाईल, पण तेवढंच नव्हतं. रविवारी सासूबाई वेगळ्या दिसायच्या. पांढरा रुमाल डोक्यावर घेऊन दाराशी उभ्या राहायच्या, "चला, चला, उशीर होतोय," म्हणून आम्हा तिघांना हाकलायच्या. बाकीचे दिवस त्या ओढायच्या, रविवार त्यांना ओढून न्यायचा. ते सुख मी कुठल्या तोंडाने काढून घेणार होते? मी कालची आलेली. माझी जागा फळीवर अजून उमटलीही नव्हती.

आणि न सांगावं, तर ती थरथर. रात्री झोपताना माझ्याच मांड्यांत यायची.

"तू हल्ली जास्तच गप्प आहेस," नवरा म्हणाला.

"तुला ताईची आठवण येते?"

तो विचारात पडला. "आठवण यायला माणूस जावा लागतो ना," तो म्हणाला. म्हणून झाल्यावर स्वतःच्याच बोलण्याने बावरला आणि कुशीवर वळला.

पुढच्या रविवारी मिस्सा लवकर आटोपली. फादर गेले, लोक गेले, बुटक्या दारातून माना वाकवत एकेक जण उन्हात नाहीसा झाला. सासरे उठले, टोपी शोधू लागले. नवरा उठला. सासूबाई उठल्या नाहीत. हल्ली त्या नंतरही थांबायच्या. डोळे मिटलेले, ओठांवर हसू, डावा हात हवेत. एवढा वेळ धरल्याने त्यांचं मनगट कापत होतं, पण तो खाली येत नव्हता.

वर कुठेतरी फळी हलली आणि छतातून चुन्याची पूड गळली. खिडकीतल्या उन्हाच्या पट्ट्यातून ती सावकाश खाली येत होती. सासूबाईंच्या रुमालावर बसली, बाकावर बसली. त्यांच्या हाताखाली मात्र ती खाली पोचलीच नाही. मध्येच थांबली, एका उतारावर. क्षणभर, फार तर एका श्वासाएवढा वेळ, मला तो उतार दिसला. खांदा होता, त्याच्यावरून पुढे झुकलेली मान, आणि मानेवर सुटलेले बारीक केस, घामाने चिकटलेले. मान वर उचलायचा प्रयत्न करत होती. वरचा हात न हलवता जेवढी उचलता येईल तेवढी.

मग पूड घसरली आणि तिथे काही नव्हतं.

नवऱ्याने पाहिलं की नाही मला माहीत नाही, पण त्याने आपला कोपर अंगाशी ओढून घेतला. सासऱ्यांनी टोपी शोधायचं सोडून दिलं होतं. ते बायकोच्या हाताकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ते तो हात कितीतरी वर्षं बघत आले आहेत आणि त्यांनाही कधी बोलता आलेलं नाही. लाकडाशी वाद घालत नाही म्हणाले होते. लाकडाशी नव्हताच तो वाद.

मी नवऱ्याला ओलांडून गेले आणि सासूबाईंच्या समोर फरशीवर बसले. त्यांनी डोळे उघडले. त्या कापणाऱ्या मनगटाला मी हात लावला नाही. तो हात त्यांनीच उचलायला हवा होता. माझा आवाज त्या उंच छताखाली मला स्वतःलाच अनोळखी वाटला. या घरात आल्यापासून मी तिघांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने काही बोलले नव्हते.

"आई, ती अजून विचारतेय तुम्हाला. फार दमलीय हो. तुम्ही हात काढल्याशिवाय ती उठायची नाही, इतकी ऐकते तुमचं. काढा हात. आम्ही आहोत इथे. उठू दे तिला."